फॉस्फरसला हात किती?

उच्च माध्यमिक वर्गाच्या रसायनशास्त्रात फॉस्फरस पेंटाक्लोराइड हे संयुग विद्यार्थ्याला तीन निरनिराळ्या ठिकाणी भेटते. संयुजेच्या आणि रासायनिक बंधाच्या धड्यात ते 'अष्टकाचा नियम न पाळणारे' म्हणून येते. रासायनिक समतोलाच्या धड्यात ते तापवल्यावर फुटणारे आणि थंड केल्यावर पुन्हा जुळणारे संयुग म्हणून येते. सेंद्रिय रसायनात ते अल्कोहोल किंवा आम्लातील हायड्रॉक्सिल गट काढून तेथे क्लोरीन बसवणारा अभिकारक म्हणून येते. तिन्ही ठिकाणी त्याचे समीकरण पाठ होते आणि धडा पुढे सरकतो. या तीन धड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

इतिहास पाहिला तर मात्र हे तिन्ही धडे एकाच जुन्या वादाचे तुकडे आहेत असे दिसते. अणूची संयुजा ठरलेली असते की बदलते? तापवताच फुटणाऱ्या पदार्थाला रेणू म्हणावे की नाही? बाष्पाच्या घनतेवरून रेणुभार काढणे कितपत विश्वासाचे आहे? एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या प्रश्नांवर पोटतिडकीने वाद घातला आणि त्या वादात साक्षीदार म्हणून पुन्हा पुन्हा उभे राहिले ते फॉस्फरसचे हॅलाइड. त्याची हकिकत आपण क्रमाने पाहू.

क्लोरीन मूलद्रव्य ठरले

फॉस्फरसचा शोध १६६९ सालचा. हँबुर्गच्या हेनिग ब्रँडने तो मूत्र आटवून मिळवला. क्लोरीन वायू शीलेने १७७४ मध्ये तयार केला. पण हा वायू मूलद्रव्य आहे हे तेव्हा कोणी मानत नव्हते. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे हे लाव्हाझिएचे मत त्या वेळी प्रमाण होते. म्हणून मीठ आणि गंधकाम्ल यांपासून मिळणाऱ्या 'म्युरिॲटिक' आम्लात (आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल) ऑक्सिजन आहे, आणि शीलेच्या हिरवट वायूत तो त्याहून जास्त आहे, असे समजले जाई.

१८०८ मध्ये गे-ल्युसाक आणि तेनार यांनी पाऱ्याचे क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, फॉस्फरसबरोबर तापवून एक धूर सोडणारा द्रव मिळवला. हा फॉस्फरस ट्रायक्लोराइड. त्याच वर्षी लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने फॉस्फरस सरळ त्या हिरवट वायूत जाळला. त्याला द्रव तर मिळालाच, शिवाय वायू भरपूर असताना एक पांढरा घनपदार्थही मिळाला. हा फॉस्फरस पेंटाक्लोराइड. त्याचे घटकप्रमाण नीट ठरवले ते १८१६ मध्ये द्यूलाँने.

डेव्हीचा तर्क साधा होता. हिरवट वायूत ऑक्सिजन असेल, तर फॉस्फरस त्यात जळल्यावर त्या ऑक्सिजनचे फॉस्फरसचे आम्ल व्हायला हवे. फॉस्फरसइतका ऑक्सिजनचा भुकेला पदार्थ तो सोडणार नाही. आता या पांढऱ्या घनपदार्थावर अमोनिया सोडला, तर अमोनियम फॉस्फेट मिळायला हवे. प्रत्यक्षात मिळाली ती एक पांढरी भुकटी. ती लालबुंद होईपर्यंत तापवली तरी वितळेना की उडेना. फॉस्फेटचा मागमूस नव्हता. फॉस्फरसची आम्ले मिळत ती फक्त पाणी घातल्यावर, म्हणजे ऑक्सिजन पाण्यातून येत होता, वायूतून नव्हे. अशा प्रयोगांच्या आधारे १८१० मध्ये डेव्हीने जाहीर केले की हा वायू मूलद्रव्य आहे, आणि त्याच्या रंगावरून त्याला 'क्लोरीन' हे नाव दिले.

आज वर्गात आपण दोन समीकरणे लिहितो. ट्रायक्लोराइड आणि पाणी यांपासून फॉस्फरस आम्ल आणि हायड्रोजन क्लोराइड. पेंटाक्लोराइड आणि भरपूर पाणी यांपासून फॉस्फरिक आम्ल आणि हायड्रोजन क्लोराइड. या समीकरणांत ऑक्सिजन कोठून आला, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. आम्लाविषयीची एक मोठी समजूत त्या प्रश्नाने मोडली.

एका ऑक्सिजनच्या जागी दोन क्लोरीन

१८४० नंतर या क्लोराइडांना सेंद्रिय रसायनात मोठी मागणी आली. पॅरिसमध्ये ऑगस्त काऊर याने सेंद्रिय आम्लांवर पेंटाक्लोराइडची क्रिया करून बेंझॉइल क्लोराइडसारखी संयुगे मिळवली. १८४७ मध्ये आडोल्फ व्युर्त्सने पेंटाक्लोराइडवर थोड्याच पाण्याची क्रिया होऊ दिली आणि फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड शोधले. गेरहार्टने १८५२ मध्ये हेच ऑक्सिक्लोराइड वापरून ॲसिटिल क्लोराइड तयार केले. पुढच्याच वर्षी त्याने ॲसिटिल क्लोराइड आणि सोडियम सॅलिसिलेट यांच्यापासून जो अशुद्ध पदार्थ मिळवला तो म्हणजे आजची ॲस्पिरिन.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग १८५४ मधला आहे. ऑगस्ट केकुले त्या वेळी लंडनमध्ये साहाय्यक म्हणून काम करीत होता. त्याने ॲसिटिक आम्लावर दोन प्रकारचे अभिकारक वापरून पाहिले, फॉस्फरसची सल्फाइडे आणि फॉस्फरसची क्लोराइडे. दोन्ही आम्लातील ऑक्सिजन काढून घेत. पण परिणाम निराळा. सल्फाइड वापरले की ऑक्सिजनच्या जागी गंधक बसे आणि थायोॲसिटिक आम्लाचा एकसंध रेणू मिळे. क्लोराइड वापरले की रेणूचे दोन तुकडे होत, एक ॲसिटिल क्लोराइड आणि दुसरा हायड्रोजन क्लोराइड.

असे का व्हावे? केकुलेचे उत्तर असे की, ऑक्सिजन आणि गंधक यांचा एक अणू दोन बाजूंना धरून ठेवतो. त्या एकाच्या जागी क्लोरीनचे दोन अणू लागतात, आणि क्लोरीनचा अणू एकाच बाजूला धरतो. दोन हातांचा माणूस मधून निघून गेला आणि त्याच्या जागी एकेका हाताची दोन माणसे आली, तर साखळी तेथे तुटणारच. अणूला ठरावीक 'हात' असतात, या कल्पनेची एक सुरुवात येथे झाली. म्हणजे संयुजेची कल्पना घडवण्यात फॉस्फरसच्या क्लोराइडांचा प्रत्यक्ष वाटा आहे. पुढे याच क्लोराइडांपैकी एकाने केकुलेला अडचणीत आणले.

निम्मी भरणारी वाफ

ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडले होते की, समान तापमान आणि दाब असताना कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. हे मान्य केले, तर बाष्पाच्या घनतेवरून रेणुभार आणि त्यावरून अणुभार काढता येतो. पण जवळजवळ पन्नास वर्षे हा नियम बाजूला पडला होता. त्याची काही कारणे होती. नवसागर (अमोनियम क्लोराइड), गंधकाम्ल, फॉस्फरस पेंटाक्लोराइड या पदार्थांच्या बाष्पाची घनता नियमानुसार जेवढी हवी त्याच्या निम्मीच भरत असे. मग नियमावर विश्वास कसा ठेवायचा?

पेंटाक्लोराइडच्या बाष्पाची मोजमापे काऊरने केली. हवेची घनता एक धरली, तर अखंड पेंटाक्लोराइडच्या बाष्पाची घनता ७.२ यायला हवी. काऊरला मिळालेल्या आकड्यांपैकी काही असे:

१८२° से. ला ५.०८
२००° से. ला ४.८५
२५०° से. ला ३.९९
३००° से. ला ३.६५

याच्याही वर तापमान नेले तरी आकडा ३.६५ च्या आसपासच स्थिरावला. ७.२ चे निम्मे ३.६, हे ध्यानात घ्यावे.

१८५७-५८ च्या सुमारास कानिझारो, कोप आणि केकुले या तिघांनी या कोड्याचा एकच उलगडा सुचवला. तापवल्यावर पेंटाक्लोराइडचा एक रेणू फुटून ट्रायक्लोराइडचा एक आणि क्लोरीनचा एक असे दोन रेणू होतात. वस्तुमान तेवढेच, रेणू दुप्पट, म्हणून आकारमान दुप्पट आणि घनता निम्मी. थंड केले की दोन्ही पुन्हा जुळतात, म्हणून हाती येतो तो मूळचाच पदार्थ. ॲव्होगाड्रोचा नियम खोटा नसून आपण ज्याची घनता मोजत होतो ते बाष्प एका पदार्थाचे नव्हतेच, ते मिश्रण होते. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथील परिषदेत कानिझारोच्या अणुभारपद्धतीचा प्रसार झाला, आणि तिचा पाया ॲव्होगाड्रोचा नियम हाच होता. तेव्हा हा उलगडा खरा ठरणे न ठरणे ही किरकोळ बाब नव्हती. अणुभारांची सारी नवी मांडणी त्यावर अवलंबून होती.

पुराव्याची मागणी

पण नियम वाचवण्यासाठी केलेला हा सोयीस्कर खुलासा नाही कशावरून? ही शंका रास्त होती. ती फेडण्यासाठी जे प्रयोग झाले ते आजही शिकवण्यासारखे आहेत.

१८६३ मध्ये वँकलिन आणि रॉबिन्सन यांनी विसरणाचा उपयोग केला. हलका वायू जड वायूपेक्षा लवकर पसरतो, हा ग्रॅहमचा नियम. क्लोरीनचा रेणुभार ७१, ट्रायक्लोराइडचा १३७.५, म्हणजे क्लोरीन सुमारे १.४ पट जलद पसरणार. बाष्प खरोखर मिश्रण असेल तर त्यातला क्लोरीन जास्त प्रमाणात निसटेल आणि मागे ट्रायक्लोराइड उरेल. तसेच झाले. त्याआधी १८६२ मध्ये पेबाल याने नवसागराचे बाष्प ॲस्बेस्टॉसच्या बोळ्यातून विसरू देऊन अमोनिया आणि आम्ल वेगळे होतात हे दाखवले होते.

फ्रान्समध्ये हेन्री सँत-क्लेअर दव्हिल याची भूमिका चमत्कारिक होती. उष्णतेने पदार्थ अंशतः फुटतो आणि थंड होताच पुन्हा जुळतो, या घटनेला 'विचरण' हे नाव देऊन तिचा अभ्यास सुरू करणारा तोच. पण अणू आणि रेणू या कल्पनाच त्याला मान्य नव्हत्या, त्यामुळे ॲव्होगाड्रोच्या नियमाच्या बचावासाठी विचरण वापरण्यास त्याचा विरोध होता. तरीही १८६६ मध्ये त्यानेच पाहिले की पेंटाक्लोराइडचे बाष्प जसजसे तापवावे तसतसा त्याचा हिरवट-पिवळा रंग गडद होत जातो. ट्रायक्लोराइडच्या बाष्पाला रंग नसतो. तेव्हा तो रंग मोकळ्या क्लोरीनचाच होता. विरोधकाच्या हातून आलेला पुरावा अधिक वजनदार असतो, हे येथे दिसते.

वाद संयुजेचा

येथवर ॲव्होगाड्रोचा नियम सुटला, पण दुसराच पेच उभा राहिला. इंग्लंडच्या एडवर्ड फ्रँकलंडने १८५२ मध्येच म्हटले होते की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक आणि अँटिमनी ही मूलद्रव्ये इतरांच्या तीन किंवा पाच अणूंशी संयोग पावतात. म्हणजे एकाच मूलद्रव्याची संयुजा दोन प्रकारची असू शकते. केकुलेला हे पटत नव्हते. अणुभार जसा ठरलेला तशी संयुजाही ठरलेली, असे त्याचे मत होते. फॉस्फरसची संयुजा तीन. मग पेंटाक्लोराइडचे काय? १८६४ मध्ये त्याने सांगितले की तो खरा रेणू नव्हेच. ट्रायक्लोराइडचा एक रेणू आणि क्लोरीनचा एक रेणू शेजारी शेजारी सैलपणे राहिलेले आहेत, त्यांची अणू-अणूंमधली जोडणी झालेली नाही. अशा 'रेणुसंयुगां'ना बाष्परूपात अस्तित्व राहत नाही. तापवताच ते फुटतात, हाच त्याचा पुरावा.

पाहा, तीच घटना, पण ॲव्होगाड्रोच्या नियमाला तारणारा विचरणाचा पुरावा आता फॉस्फरसचे दोन हात काढून घेण्यासाठी वापरला जात होता.

याला उत्तर दिले व्युर्त्सने, १८७३ मध्ये. त्याने पेंटाक्लोराइडचे बाष्प नुसते न तापवता ट्रायक्लोराइडच्या भरपूर बाष्पात मिसळून घेतले. फुटण्याने जो पदार्थ तयार होतो तोच आधीपासून मोठ्या प्रमाणात हजर असेल, तर फुटणे मागे रेटले जाते. या स्थितीत त्याच्या मोजमापांची सरासरी ७.२ च्या जवळपास आली. म्हणजे अखंड पेंटाक्लोराइड बाष्परूपात राहू शकते. विद्यार्थ्यांना आपण 'उत्पादितांपैकी एक वाढवल्यास समतोल डावीकडे सरकतो' असे सांगतो. व्युर्त्सने हे ल शातलिएच्या तत्त्वाच्या आधी वापरले, आणि तेही उदाहरण म्हणून नव्हे, तर एक वाद मिटवण्यासाठी. पुढे १८७९ मध्ये अमेरिकेत विलर्ड गिब्ज याने आपली समतोलाची सूत्रे ज्या बाष्पांना लावून पाहिली त्यांत हेच बाष्प होते.

तरी केकुलेच्या बाजूचे लोक म्हणू शकत होते की एवढी खास व्यवस्था केल्याशिवाय न टिकणारा रेणू तो कसला रेणू! शेवटचा शब्द आला तो लीड्स येथील टी. ई. थॉर्प याच्या प्रयोगशाळेतून, १८७६ च्या सुमारास. त्याने पेंटाक्लोराइडवर आर्सेनिक ट्रायफ्लुओराइडची क्रिया केली. पाचही क्लोरीन निघून त्यांच्या जागी पाच फ्लुओरीन बसले आणि फॉस्फरस पेंटाफ्लुओराइड हा रंगहीन वायू मिळाला. हा नेहमीच्या तापमानालाच वायू असतो, उणे ८५° से. च्या आसपास द्रव होतो. त्याची घनता पाच फ्लुओरीन असलेल्या रेणूला साजेशीच भरली. थॉर्पने त्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या तरी तो फुटला नाही. येथे 'तापवताच फुटतो' हा आक्षेप लागूच पडत नव्हता. फॉस्फरसला पाच हात असू शकतात, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

याच फ्लुओराइडांपासून मोकळे फ्लुओरीन मिळवता येईल या आशेने पॅरिसच्या आंरी म्वासां याने १८८४ पासून खटपट केली. फॉस्फरसने फ्लुओरीन सोडले नाही. अखेर त्याने ती वाट सोडून विद्युत अपघटनाने १८८६ मध्ये फ्लुओरीन वेगळे केले. त्याबद्दल त्याला १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घनरूपात वेगळेच

गोष्ट येथे संपली असती तर ती 'केकुले चुकला, फ्रँकलंड बरोबर' इतकी सोपी झाली असती. पण १९१६ मध्ये लुईसने इलेक्ट्रॉनच्या जोड्यांनी बंध समजावून दिला आणि जुना वाद नव्या कपड्यांत परत आला. पाच बंध म्हणजे फॉस्फरसभोवती दहा इलेक्ट्रॉन. लुईसला याचे फारसे वावडे नव्हते. लँगम्यूरला मात्र आठाचा नियम मोडणे मान्य नव्हते. त्याने सुचवले की चार क्लोरीन बंधाने जोडलेले आणि पाचवा ऋण आयन म्हणून बाहेर, अशी रचना असावी.

१९४० ते १९४२ या काळात पॉवेल, क्लार्क आणि वेल्स यांनी क्ष-किरणांनी पेंटाक्लोराइडच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात पाच क्लोरीन जोडलेला फॉस्फरस सापडलाच नाही! निम्म्या फॉस्फरस अणूंना चार क्लोरीन चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर जोडलेले, त्यावर धन प्रभार. उरलेल्या निम्म्यांना सहा क्लोरीन अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर, त्यावर ऋण प्रभार. बाटलीतला पांढरा पदार्थ मिठासारखा आयनिक निघाला. पेंटाब्रोमाइडचा स्फटिक आणखी वेगळा. त्यात चार ब्रोमीनचा धन आयन आणि एकटा ब्रोमाइड आयन असतो, म्हणजे लँगम्यूरने सांगितली तशी मांडणी.

बाष्परूपात मात्र इलेक्ट्रॉन विवर्तनाने पाच क्लोरीनचाच रेणू दिसतो. तीन क्लोरीन मधल्या प्रतलात त्रिकोणाच्या टोकांवर, एक वर आणि एक खाली. वरखालचे बंध थोडे लांब, सुमारे २१४ पिकोमीटर. प्रतलातले सुमारे २०२. म्हणजे व्युर्त्सने ज्या रेणूसाठी वाद घातला तो खरोखर होता, पण तो बाष्पातच.

पेंटाफ्लुओराइडमध्येही दोन प्रकारचे बंध आहेत. तरी १९५३ मध्ये अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने पाहिले तेव्हा पाचही फ्लुओरीन सारखेच दिसले. याचा उलगडा १९६० मध्ये स्टीफन बेरी याने केला. हे पाच अणू अतिशय वेगाने आपापसांत जागा बदलतात, त्यामुळे मंद गतीने पाहणाऱ्या उपकरणाला सरासरी चित्र दिसते.

राहिला प्रश्न दहा इलेक्ट्रॉनांचा. पाठ्यपुस्तकांत तो 'डी' कक्षक संकरणात घेऊन सोडवतात. ही मांडणी आकार लक्षात ठेवायला सोयीची आहे. परंतु १९८० नंतर झालेल्या सविस्तर गणनांनुसार बंधनात 'डी' कक्षकांचा वाटा अगदी थोडा आहे. वरखालच्या दोन बंधांत मिळून तीन अणूंमध्ये चार इलेक्ट्रॉन वाटलेले असतात आणि बराच ऋण प्रभार हॅलोजनकडे झुकलेला असतो, असे चित्र आज अधिक बरोबर मानले जाते. परीक्षेपुरते संकरण शिकवावे, पण ते अंतिम सत्य म्हणून शिकवू नये, असे आम्हाला वाटते.

वर्गासाठी

पेंटाक्लोराइड शाळेच्या प्रयोगशाळेत हाताळू नये. हवेतल्या ओलाव्यानेही त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. शिवाय फॉस्फरसची ही क्लोराइडे आणि ऑक्सिक्लोराइड १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या यादीत आहेत. कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्यांना ती लागतात, तशीच ती विषारी वायू बनवायलाही वापरता येतात.

पण पेबालचा प्रयोग साध्या रूपात करता येतो. कोरड्या परीक्षानळीच्या तळाशी चिमूटभर नवसागर घ्यावा, मधे काचलोकरीचा सैल बोळा बसवावा आणि बोळ्याच्या वर ओला तांबडा व निळा लिटमस कागद लावावा. तळ हळूहळू तापवला की आधी तांबडा कागद निळा होतो, कारण हलका अमोनिया बोळ्यातून लवकर वर येतो. थोड्या वेळाने आम्ल पोहोचले की दोन्ही कागद तांबडे होतात. प्रयोग हवेशीर जागी करावा.

वर दिलेले काऊरचे आकडेही विद्यार्थ्यांना द्यावेत. ७.२ मधून मोजलेली घनता वजा करायची आणि बाकीला मोजलेल्या घनतेने भागायचे, की किती भाग फुटला ते मिळते. १८२° ला सुमारे ४२ टक्के, २००° ला ४८, २५०° ला ८० आणि ३००° ला ९७. हे सूत्र का लागू पडते, ते आधी त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

आणि एक गोष्ट सांगावी. मोबाइल फोनच्या लिथियम बॅटरीत लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हे लवण सर्रास वापरतात. ते फार तापले तर फुटून लिथियम फ्लुओराइड आणि थॉर्पचा तोच पेंटाफ्लुओराइड वायू तयार होतो. बॅटरी तापू देऊ नये यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. केकुले आणि व्युर्त्स ज्यावर भांडले तो प्रश्न, म्हणजे किती अणू धरून ठेवता येतात आणि कोणत्या तापमानापर्यंत, तेथे रोजच्या रोज सोडवावा लागतो.